फुकटचा वाटाड्या

गाडीसाठी जीपीएस कोणता घ्यावा, असं चारचौघांत विचारून पाहा. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतं, "वेगळा जीपीएस? अहो, फोन आहे ना खिशात!" आणि त्यामागोमाग ते हसू. शोरूममधला विक्रेता हसत नाही, कारण त्याला गाडी विकायची असते. पण म्हणतो तेच. "सर, नेव्हिगेशनचं काय घेऊन बसलात? फोन जोडला की स्क्रीनवर गूगल मॅप्स येतंच." एअरबॅग किती, ॲव्हरेज किती, सनरूफ आहे का, डिकीत दोन मोठ्या बॅगा मावतील का, यावर तासभर घासाघीस करणारं गिऱ्हाईक या एका मुद्द्यावर मान डोलावतं आणि पुढे सरकतं. मला त्या मान डोलावण्याचा मनस्वी वैताग आलाय.

या मताची बाजू त्याच्या समर्थकांपेक्षा मीच नीट मांडतो, कारण ते मांडत नाहीत, नुसते हसतात. तर म्हणणं असं : फोनमध्ये उपग्रहांचे संकेत पकडणारा रिसीव्हर आहेच. नकाशा फुकट आहे आणि रोज ताजा होतो. पुढे कोंडी असेल तर लाल रेघ दिसते. रेंज आता खेडोपाडी पोचली आहे. फोनवर रस्ता पाहायला कायद्याचीही ना नाही. आणि वेगळे जीपीएस इतके चांगले असते तर दुकानांतून नाहीसे का झाले असते? तेव्हा गाडीसाठी वाटाड्या निवडत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग.

आधी ते 'फुकट' बघू. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने अमेरिकेत फोनवर वळणावळणाचं मार्गदर्शन फुकट देऊ केलं आणि गार्मिन, टॉमटॉम या गाडीचे जीपीएस बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर त्याच दिवशी कोसळले. तोवर लोक त्या यंत्रांना रोख पैसे मोजत होते. पैसे मोजून घ्यायची वस्तू एका जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीने रातोरात फुकट का वाटली? भिंतीवरच्या फुकट कॅलेंडरवर कुठल्या सराफाचं नाव आहे ते वाचणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रश्न कसा पडला नाही? २०२० च्या फेब्रुवारीत बर्लिनमधल्या सिमॉन वेकर्ट या कलाकाराचा एक प्रयोग गाजला. त्याने ९९ फोन एका हातगाडीत भरले आणि ती मोकळ्या रस्त्यांवरून सावकाश ओढत नेली. नकाशावर ते रस्ते लाल झाले. ज्या लाल रेघेचं आपल्याला एवढं कौतुक, ती तुमच्याआमच्या फोनांनीच ओढलेली असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकेशनच्या नोंदींवरून झालेल्या तक्रारीत गूगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. मला यात काही महाभयंकर कट दिसत नाही. धंदा आहे, चाललाय. पण मग त्याला फुकट म्हणू नका. किंमत तुम्ही देताच आहात, फक्त तिची पावती मिळत नाही.

शिवाय तो फोन तरी कुठे फुकट आला? तीस-चाळीस हजारांची वस्तू आपण काचेला चिकटवून भर उन्हात टांगतो आणि तीनशे रुपयांच्या होल्डरवर तिचा भरवसा टाकतो. आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असं ॲपल स्वतः सांगतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ३५ अंश हे सकाळच्या नाश्त्याच्या वेळचं तापमान. दुपारी बंद काचेआड काय होत असेल त्याची कल्पना करा. फोन तापतो, स्क्रीन मंद होतो, चार्जिंग थांबतं, आणि हे सगळं नेमकं बायपासच्या फाट्यावर. गाडीसाठीच बनवलेल्या गार्मिनच्या यंत्रांची मर्यादा उणे २० ते ५५ अंश असते. एक वस्तू खिशासाठी बनवली आहे, दुसरी डॅशबोर्डसाठी. यात न कळण्यासारखं काय आहे?

आता रेंज. इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळा घोळ इथे आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि अखंड संकेत सोडत असतात. रिसीव्हर ते नुसते ऐकतो. चार उपग्रह ऐकू आले की आपण कुठे आहोत ते तो काढतो. त्याला सिमकार्ड लागत नाही, टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही. मग ताम्हिणीत किंवा वरंध घाटात फोनवरचा वाटाड्या मुका का होतो? कारण नकाशा फोनमध्ये नसतो, तो तुकड्यातुकड्याने नेटवरून येत असतो. रस्ताही फोन काढत नाही, दूरवरचा सर्व्हर काढून देतो. निघताना दिलेला रस्ता सरळ धरून चाललात तर ठीक. एक फाटा चुकलात, की नवा रस्ता मागायला रेंज हवी, आणि ती गेलेली असते दरीत. मग पांढऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा उरतो. तुम्ही कुठे आहात हे फोनला अक्षांश-रेखांशासकट पक्कं ठाऊक असतं, फक्त तिथे काय आहे ते ठाऊक नसतं. फोन घाटात बंद करून पुन्हा सुरू केलात तर आणखी मजा. एरवी उपग्रहांचा ठावठिकाणा नेटवरून झटकन मिळतो, तो आता थेट उपग्रहाकडून उतरवून घ्यायचा. उपग्रह तो सेकंदाला अवघ्या ५० बिट या गतीने पाठवतो. तोवर मागचा टेम्पो हॉर्न वाजवत असतो.

यावर हसणारे लोक लगेच म्हणतात, "ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून ठेवा की!" उत्तम सूचना. तुम्ही ठेवलाय? प्रामाणिकपणे फोन उघडून बघा. ज्यांना आपला चार्जर कुठल्या बॅगेत आहे ते सांगता येत नाही, ते निघायच्या आदल्या रात्री भोर ते महाड हा चौकोन आखून उतरवून ठेवणार? आणि ठेवलाच, तरी गूगलच्याच सांगण्यानुसार ऑफलाइन असताना कोंडीची माहिती नाही, पर्यायी रस्ते नाहीत, कुठल्या लेनमध्ये राहायचं तेही नाही. म्हणजे ज्या सुखसोयींसाठी फोन श्रेष्ठ ठरवला, त्या नेमक्या घाटात सोडून द्यायच्या. गाडीच्या यंत्रात अख्ख्या देशाचा नकाशा साठवलेला असतो आणि रस्ता यंत्र स्वतः काढतं. चुकलात तर तिथल्या तिथे नवा काढतं. महाराष्ट्रात ज्याला सह्याद्री ओलांडायचा आहे, मेळघाटात किंवा भामरागडकडे जायचं आहे, त्याने हा फरक किरकोळ मानावा?

"पण आमच्या गाडीत अँड्रॉइड ऑटो आहे!" असू दे. पडदा सात इंचांवरून दहा इंचांवर गेला, वाटाड्या तोच राहिला. दहा इंचांचा पांढरा पडदा सात इंचांच्या पांढऱ्या पडद्यापेक्षा अधिक काय सांगतो?

बोगदे आणि उड्डाणपूल हे तर आपल्या नव्या रस्त्यांचं वैभव. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावरचा जुळा बोगदा २.०७ किलोमीटरचा आहे. समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीचा बोगदा सुमारे ८ किलोमीटरचा. बोगद्यात उपग्रह ऐकू येत नाही, कुठल्याच यंत्राला नाही. अशा वेळी फोन शेवटच्या वेगावरून अंदाज बांधतो. तुम्ही मध्येच वेग कमी केलात की त्याचा ठिपका तुमच्या पुढे पळतो. इगतपुरीला बोगद्यात फाटा नाही म्हणून निभावतं. सागरी मार्गावर उत्तरेकडे बाहेर पडल्यावर अमरसन्स आणि हाजी अलीचे फाटे फार दूर नाहीत, आणि फोन अजून आपण नक्की कुठून वर आलो याचा शोध घेत असतो. गाडीत पक्कं बसवलेलं चांगलं नेव्हिगेशन चाकांच्या वेगावरून आणि जायरोस्कोपवरून हिशोब चालू ठेवतं. चाक किती फिरलं हे त्याला कळतं, म्हणून तो अंदाज नसतो, मोजमाप असतं. हे चाकांचे सेन्सर काही परदेशी चैनीची वस्तू नव्हेत. एबीएससाठी ते प्रत्येक नव्या गाडीत असतातच. कंपनीने ते नेव्हिगेशनला जोडले आहेत का, एवढंच विचारायचं. विचारतं कोण?

पुण्याच्या चांदणी चौकात २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा पूल आणि त्याचे रॅम्प खुले झाले. तिथे अजूनही मूळचे कोथरूडकर चुकतात, त्यामुळे तिथल्या चुकीचा दोष मी फोनवर ढकलणार नाही. तो मान चौकाचाच. पण नागपूरच्या वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो अशी रचना आहे. उपग्रहावरून काढलेल्या जागेत सर्वात कच्ची बाजू उंचीची असते. आपण पुलावर की पुलाखाली, हे यंत्राला सांगणं अवघड. जुलै २०२४ मध्ये गूगलने भारतातल्या ४० शहरांत उड्डाणपूल कधी घ्यायचा ते सांगायला सुरुवात केली. म्हणजे त्याआधीची इतकी वर्षं हाच फोन 'पुरेसा' होता! त्याच वेळी चारचाकीला अरुंद गल्ल्या टाळून देण्याची सोय आली. पहिल्या आठ शहरांत हैदराबाद, बंगळुरू, इंदूर, गुवाहाटी वगैरे होती, महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. पेठांतून वाट काढणाऱ्या पुणेकराने याबद्दल आनंद मानावा की कसं, ते त्याने ठरवावं. गार्मिन किंवा टॉमटॉममध्ये कच्चे रस्ते टाळण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. फोनवरच्या गूगल मॅप्समध्ये आपल्याला टोल, महामार्ग आणि फेरीबोट टाळता येते. कोकणात ज्याला दाभोळहून धोपाव्याला उतरायचं असतं, त्याला तर फेरीबोटच हवी असते!

ताज्या नकाशाचा मुद्दा थोडक्यात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. रस्ते महिन्या-वर्षांनी खुले होतात. वर्षातून दोनचारदा नकाशा अद्ययावत केला की काम भागतं. तासातासाला बदलते ती कोंडी, आणि त्यात फोनचा हात कोणी धरणार नाही हे मी मान्य करतो. एवढंच मान्य करतो. पण शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात एक्स्प्रेस वे लाल दिसतो तेव्हा जुना महामार्ग कोणत्या रंगाचा असतो? कोंडी कळण्यात आणि ती टळण्यात फरक आहे. लाखभर लोकांना एकच आडरस्ता सुचवला की तो आडरस्ता राहत नाही, आणि ज्या गावातून तो जातो तिथल्या शाळेपुढे गाड्यांची रांग लागते.

कायद्याचं म्हणाल तर तो नीट वाचा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातातला फोन वापरणं हे कलम १८४ खाली धोकादायक चालवणं ठरवलं. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत सवलत आली ती केवळ रस्ता पाहण्यापुरती, आणि तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. आता सांगा, तुमचा फोन गाडीत केवळ रस्ता दाखवतो का? घरात एकच गडी ठेवायचा, त्यानेच दार उघडायचं, भाजी आणायची, पाहुण्यांशी बोलायचं, सावकाराला परत पाठवायचं आणि त्याच वेळी बैलगाडीही हाकायची, अशातला हा प्रकार. वळण सांगण्याच्या क्षणी सासूबाईंचा फोन येतो आणि नकाशा कोपऱ्यात चिमणीएवढा होतो. बँकेचा ओटीपी येतो, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचं भांडण येतं. डोळे तिकडे जातातच. आणि शहाण्या माणसाचेही जातात.

ही सवलत देणाऱ्या याच सरकारने २०१९ पासून प्रवासी वाहतुकीच्या नव्या सार्वजनिक वाहनांना स्थान सांगणारं यंत्र आणि धोक्याचं बटण गाडीतच पक्कं बसवायला लावलं. ड्रायव्हरच्या खिशात फोन आहे, त्यावर भागवा, असं म्हटलं नाही. ते यंत्र पाळत ठेवण्यासाठी आहे, रस्ता दाखवण्यासाठी नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण जे काम गाडीचं, त्याचं यंत्र गाडीत, हे तत्त्व तिथे कळलं आणि तुमच्या नव्या गाडीत कळू नये?

वेगळे जीपीएस दुकानांतून गेले, म्हणजे निकाल लागला, हा युक्तिवाद तर फारच गमतीचा. बाजारात फुकट वस्तूपुढे विकतची हरते, यातून विकतची वाईट होती हे कसं सिद्ध होतं? युरोप-अमेरिकेत ज्यांचं पोट रस्त्यावर आहे ते ट्रकवाले आजही वाहनाची उंची आणि वजन टाकून रस्ता काढणारी वेगळी यंत्रं घेतात. कमी उंचीच्या पुलाखाली कंटेनर अडकला तर ॲपला पाच पैकी एक तारा देऊन तो सुटत नाही, हे त्यांना माहीत असतं.

आणि मग येतात त्या बातम्या. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक गाडी उतरली आणि चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एक गाडी पुलावर चढायच्या ऐवजी पुलाखालच्या रस्त्याने थेट खाडीत गेली. चालक महिलेला सागरी पोलिसांनी वाचवलं, हे नशीब. दर वेळी मथळा एकच : गूगल मॅपने घात केला. पुलावर अडथळे न लावणारं खातं त्या मथळ्याआड आरामात लपतं, तो भाग वेगळा. दुसरं यंत्र असतं तर हे अपघात टळले असते, असा दावा मी करत नाही. मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. जो वाटाड्या आपण कधी निवडला नाही, तपासला नाही, ज्याची एक सेटिंग उघडून पाहिली नाही, त्याच्यावर आपण रात्री दोन वाजता अनोळखी रस्त्यावर कुटुंबासह स्वतःला सोपवतो. टायर घेताना रबराचं वर्ष बघणारा माणूस इथे इतका भाबडा कसा होतो?

निवडायचं म्हटलं की लोक चुकीच्या टोकाला जातात, हेही बघतो. ॲक्सेसरीजवाल्याकडे जाऊन सर्वात मोठा अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेतात. तो पोरगा जीपीएसची अँटेना डॅशबोर्डच्या आत, लोखंडी पट्टीमागे कोंबून देतो, कारण वायर दिसली तर गिऱ्हाईक कटकट करतं. मग महिनाभराने तेच गिऱ्हाईक म्हणतं, "हे जीपीएस काही कामाचं नाही." अँटेनाला आकाश दिसलं पाहिजे, ती काचेखाली डॅशबोर्डच्या वर हवी, ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. दुसरे काही जण डब्यावर 'नाविक' लिहिलेलं पाहून छाती फुगवतात. नाविक ही आपली स्वतःची उपग्रह यंत्रणा आहे, तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. पण पुढे तिच्यातल्या काही उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडली आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. नाविक असावं, पण सोबत जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ या परदेशी यंत्रणाही असाव्यात. स्वदेशीच हवं असेल तर नकाशा स्वदेशी बघा. १९९५ पासून भारताचे नकाशे बनवणाऱ्या मॅपमायइंडियाचा नकाशा आपल्याकडच्या कित्येक गाड्यांच्या मूळ नेव्हिगेशनमध्ये असतो.

तेव्हा हसणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. गाडीचा वाटाड्या गाडीचाच हवा. नकाशा त्याच्या पोटात हवा, कान आकाशाकडे उघडे हवेत, नजर चाकांवर हवी आणि त्याला दुसरं काही काम नको. फोन बरोबर ठेवा. कोंडी विचारायला, हॉटेल शोधायला, टँकरच्या भांडणात पडायला तो उत्तमच आहे. पण दहा-बारा लाखांची गाडी घेताना ज्याच्या शब्दावर ती डावीकडे-उजवीकडे वळणार, त्याची निवड 'आहेच की खिशात' म्हणून करू नका.

पुढच्या वेळी टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा आपला फोन बंद करून घरच्यांकडे द्या, विक्रेत्यालाही त्याचा बंद करायला सांगा. मग गाडीच्या स्क्रीनवर शंभर किलोमीटरवरच्या एखाद्या गावाचं नाव टाका आणि पहिलं वळण मुद्दाम चुका. नवा रस्ता तिथल्या तिथे निघाला, तर नकाशाचं अपडेट किती वर्षं फुकट मिळणार ते लेखी घ्या आणि खुशाल पैसे मोजा. नाही निघाला, तर त्या व्हेरियंटवर नेव्हिगेशनच्या नावाने एक रुपयाही जास्त देऊ नका.